तिजोरी हॉलमध्ये येऊन पडली आहे, शनिवारी फिटर येणार. काय काय बघून घेऊ?

घोडबंदरची | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार. मी ठाण्यात मानपाड्याला राहते, चौदाव्या मजल्यावर. मार्चमध्ये बाबा गेले आणि त्यानंतर आईला डोंबिवलीहून माझ्याकडे आणलं. ती ७६ वर्षांची आहे. तिचे दागिने डोंबिवलीच्या बँकेत लॉकरमध्ये आहेत आणि लॉकर तळघरात. अरुंद जिना, कठडा एकाच बाजूला. गेल्या खेपेला उतरताना तिचा पाय मुरगळला, तेव्हापासून तिचं एकच म्हणणं आहे, माझ्या वस्तू माझ्या डोळ्यांसमोर असू देत. पाटल्या, मोहनमाळ, ठुशी, तिच्या सासूबाईंची नथ आणि गुहागरकडच्या जमिनीचं खरेदीखत. बाबांच्या मागे तिच्या हातात एवढंच उरलं आहे असं तिला वाटतं, म्हणून मी वाद घातला नाही. तिजोरी मागवली. साठ लिटरच्या आसपासची, वजन साधारण ४० किलो, नंबरपॅड आणि जोडीला किल्ली.

आज दुपारी ती आली आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. गेटवर वॉचमनने विचारलं काय आहे, टेम्पोवाला म्हणाला तिजोरी. तेच रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, पुढे माझा फ्लॅट नंबर. खोक्यावर उघड्या दाराच्या तिजोरीचं हे एवढं मोठं चित्र. सामानाची लिफ्ट बंद होती, त्यामुळे ते खोकं दीड तास खाली लॉबीत होतं. संध्याकाळी कचरा टाकायला गेले तर नवव्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आईंचं सोनं इकडे आणलंत वाटतं." त्यांच्या मनात काही नाही, मला माहीत आहे. पण मी वर आल्यावर दाराला आतून कडी लावली आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.

फिटरचा फोन येऊन गेला. कुठे बसवायची त्या खोलीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणाला. घरी कोण कधी असतं असंही विचारलं. मी सांगितलं, आई दिवसभर घरीच असते, शनिवारी कधीही या. तो म्हणतो ४० किलो वजन आहे, फरशीला भोकं पाडून खराब कशाला करता, नुसती वॉर्डरोबमध्ये ठेवली तरी चालेल. वॉर्डरोब सुताराकडून करून घेतलेला, प्लायचा आहे. काका म्हणतात नैर्ऋत्य कोपऱ्यात, दार उत्तरेला उघडेल अशी ठेवा. आईचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे अगदी जमिनीवर ठेवून उपयोग नाही.

ज्यांनी घरी तिजोरी बसवून घेतली आहे त्यांनी सांगा, काय बघायचं? शनिवारपर्यंतच वेळ आहे.

---

कोपरखैरणे_हार्डवेअर | मंगळवार, रात्री ११:२५

ताई, अकरा वर्षं तिजोऱ्या आणि कुलपं बसवत फिरलो, आता दुकान आहे. आधी एक सांगतो. बोल्ट न मारता ठेवलेली ४० किलोची तिजोरी म्हणजे चोराला आयती बांधून दिलेली गाठोडी. दोन माणसं चादरीत घालून उचलून नेतात आणि मग निवांत कुठेतरी बसून कापतात. घरात उघडायला वेळ लागतो, आवाज होतो. बाहेर नेली की संपलं. या डिजिटल तिजोऱ्यांच्या अंगाचा पत्रा दोन-तीन एमएमचा असतो, दार त्याहून थोडं जाड. तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे. तुमच्या तिजोरीवर किंवा कागदांत ते आहे का बघा. नसेल तर तिची सगळी ताकद ती कशाला आवळली आहे यावरच आहे असं समजा. म्हणून वजनाच्या भरवशावर ठेवा म्हणणाऱ्या फिटरचं ऐकू नका. त्याला ड्रिलची मेहनत नको आहे.

तिजोरीच्या तळाला आणि पाठीला भोकं दिलेली असतात. बोल्ट आतून जातो, नट आतून आवळला जातो, म्हणजे दार बंद असताना तो बाहेरून सोडवता येत नाही. खोक्यात फास्टनर, म्हणजे भोकात फुलून घट्ट बसणारे बोल्ट, येतात ते बहुतेक वेळा आखूड असतात, आणि इथेच लोक फसतात. वर फरशी, तिच्याखाली दीड-दोन इंच मसाला, आणि मग कुठे स्लॅब. आखूड फास्टनर नुसत्या मसाल्यात बसतो. त्या दिवशी घट्ट वाटतो, पण पहारीने जोर लावला की फरशीसकट उपटून येतो. फास्टनर स्लॅबमध्ये किमान दोन इंच गेला पाहिजे, म्हणजे एकूण लांबी चार इंचाच्या वर. फिटरला फोनवरच विचारा, कोणत्या लांबीचे आणणार. उत्तर देता आलं नाही तर तुम्ही स्वतः हार्डवेअरच्या दुकानातून १० एमएमचे घेऊन ठेवा.

प्लायच्या वॉर्डरोबच्या तळाला स्क्रूने मारलेली तिजोरी चालणार नाही. प्लाय फाटतो. वॉर्डरोबमध्ये ठेवायची असेल तर मागची फळी कापून सरळ भिंतीत बोल्ट गेले पाहिजेत, आणि ती भिंत कसली आहे ते आधी कळलं पाहिजे.

आता नंबराचं. कारखान्यातून येणारा नंबर मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. त्या मॉडेलच्या प्रत्येक तिजोरीला तोच. बऱ्याच तिजोऱ्यांना दोन नंबर असतात, एक रोजचा आणि एक मास्टर. लोक रोजचा बदलतात आणि मास्टर तसाच ठेवतात. म्हणजे पुढचं दार लावलं आणि मागचं सताड उघडं. दोन्ही बदला, आणि फिटर घराबाहेर पडल्यावर बदला. फिटरला तुमचा नंबर कशासाठीही लागत नाही. "मी सेट करून देतो" म्हणाला तरी नको म्हणायचं. नवा नंबर टाकला की दार उघडं ठेवूनच तीन-चार वेळा दाराच्या कुलपाचे बोल्ट आत-बाहेर करून बघा. मगच दार लावा.

किल्ल्या मोजून घ्या. सहसा दोन असतात. खोकं तुमच्यासमोर फुटू द्या, किल्ल्यांची पिशवी त्याच्या हातात जाऊ देऊ नका. आणि ती किल्ली तिजोरीतच ठेवू नका. हसण्यावारी नेऊ नका, मी निदान वीस घरांत हेच बघितलं आहे. सेल संपले, नंबरपॅड बंद पडला, किल्ली आत. शेवटी आम्हाला दार फोडावं लागतं. सेल दर दसऱ्याला बदला, पूजेच्या निमित्ताने आठवण राहते.

---

सानपाडा५८ | बुधवार, सकाळी ७:१०

तुमचा प्रश्न रात्रीच वाचला होता. झोप आली नाही, म्हणून सकाळी उठून लिहिते आहे.

आमच्याकडे हे घडलं आहे. आम्हालाही बसवणारा हेच म्हणाला होता, वजनच एवढं आहे, बोल्ट कशाला. गणपतीला चार दिवस गावी गेलो होतो. आलो तर तिजोरीच नव्हती. कपाटाच्या तळाशी तिचा चौकोनी ठसा, आजूबाजूला धूळ, आणि आमच्याच पलंगावरची चादर गेलेली. बाकी घराला हात नाही. टीव्ही नाही, लॅपटॉप नाही. थेट त्या खोलीत, त्या कपाटाशी. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, इथे तिजोरी आहे हे कोणाकोणाला माहीत होतं? मी बोटं मोजायला लागले. दोन्ही हातांची संपली.

दुसरा प्रश्न होता, काय काय होतं, वजन किती, बिलं आहेत का. पंचनामा करताना मला माझ्याच मंगळसूत्राच्या वाट्या कशा होत्या ते सांगता येईना. निम्मे दागिने आईकडून आलेले, त्यांची बिलं कुठून असणार. तुम्ही आजच, तिजोरीत ठेवण्याआधी, एकेक दागिना पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो काढा, मागची-पुढची बाजू, शिक्का असेल तो. ओळखीच्या सराफाकडून वजन आणि शुद्धता लिहून घ्या. तो कागद तिजोरीत नको, भावाबहिणीकडे दुसऱ्या घरी ठेवा. घराच्या विम्यात दागिने आपोआप धरलेले नसतात. ते वेगळे नोंदवून, मूल्यांकन देऊन, त्यांचा हप्ता भरावा लागतो. आम्ही हे नंतर शिकलो.

आणि ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते हे. तुम्ही लिहिलं आहे, "मी सांगितलं, आई दिवसभर घरीच असते, कधीही या." आमच्या घरात निदान कोणी नव्हतं. गेलं ते सोनं गेलं. तुमच्या आई त्या घरात एकट्या असणार आहेत. एका अनोळखी माणसाला आता तीन गोष्टी माहीत झाल्या. तिजोरी आहे, कोणत्या खोलीत आहे, आणि दिवसा तिथे फक्त एक म्हातारी बाई असते. फोटो पाठवला असेल तर तो काढून टाका. तो माणूस प्रामाणिक असेल, असू दे. पण त्याच्या फोनमधला फोटो कोण बघतं ते तुम्हाला माहीत नाही.

---

घोडबंदरची | बुधवार, सकाळी ७:५५

तुमचं वाचून हातपाय गार पडले. फोटो पाठवला होता. आत्ता सर्वांसाठी डिलीट केला, पण त्यावर दोन निळ्या खुणा आलेल्याच होत्या. मी दिवसभर दागिन्यांचा विचार करत होते. आईचा केलाच नाही. ऑफिसला निघायचं आहे आणि दार ओढून बाहेर पडणं जड जातं आहे.

हार्डवेअरवाल्या दादा, मॅन्युअल उघडून बघितलं. दोन नंबर आहेत, दोन्ही छापलेले. फास्टनर अडीच इंचाचे. आयएसचा आकडा कुठेही नाही. भिंत कसली आहे हे कसं ओळखायचं?

---

आरसीसी_वाशी | बुधवार, दुपारी १:३०

मी स्ट्रक्चरल कामात आहे. भिंतीचं सांगतो.

ड्रिलमधून पडणारा भुगा बघा. लाल भुगा म्हणजे वीट. पांढरट, पिठासारखा, आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र, हलक्या काँक्रीटचा ठोकळा. करडा भुगा, हॅमर लावूनही हळूहळू जातं, तर काँक्रीट. घोडबंदरच्या अलीकडच्या टॉवरांत ॲल्युमिनियम शटरिंग वापरून आतल्या भिंतीही काँक्रीटमध्ये ओतलेल्या असतात. तशी भिंत मिळाली तर तुमचं नशीब, पाठीमागून चार फास्टनर धरतील आणि तिजोरी कमरेच्या उंचीवर घेता येईल. एएसी ब्लॉकमध्ये साधा फास्टनर कधीही नको, तो फुलतो तेव्हा ब्लॉक आतून चुरा होतो. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, आणि तरीही मुख्य भरवसा जमिनीवर ठेवा. मग उंचीसाठी लोखंडी अँगलचं स्टँड करून ते स्लॅबला आवळायचं आणि तिजोरी स्टँडला.

बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा, आत पाण्याचे पाइप असतात. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल नको. स्लॅबला भोक पाडताना खोलीची खूण म्हणून ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळायला सांगा. साधारण पाच इंचाच्या स्लॅबमधूनच खालच्या घराच्या दिव्यापंख्यांच्या वायरचे पाइप गेलेले असतात. आणि एक गोष्ट नक्की विचारा: सोसायटीकडे इमारतीचे नकाशे असतील तर स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड आहे का. असेल तर त्यात ताणलेल्या केबल असतात, जागा न तपासता एकही भोक पाडायचं नाही.

वजनाची काळजी नको. राहत्या खोल्यांचे स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या हिशोबाने धरलेले असतात. ४० किलोची तिजोरी आणि आतलं सामान भरलेल्या पुस्तकांच्या कपाटापेक्षा हलकं आहे.

---

सेक्रेटरी_पाचपाखाडी | बुधवार, रात्री ९:०५

आमच्या सोसायटीत नऊ वर्षं सेक्रेटरीचं काम केलं, गेटचं रजिस्टर हा माझ्या रोजच्या वाचनातला ग्रंथ होता. ते रजिस्टर गेटवर येणारा प्रत्येक माणूस सही करताना वाचतो. वरच्या दहा ओळी त्याच्यासमोर उघड्या असतात. तुमच्या सेक्रेटरींना भेटा आणि सांगा की पुढच्या वेळी "घरगुती सामान" एवढंच लिहायचं. जुनी नोंद खोडायला लावू नका, खाडाखोड जास्त डोळ्यांत भरते. त्याऐवजी फिटर येईल तेव्हा त्याची नोंद मात्र पूर्ण करायला लावा. नाव, ओळखपत्राचा फोटो, गाडीचा नंबर, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ. लिफ्टच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण किती दिवस टिकतं तेही विचारून घ्या, त्या दिवसाचं वेगळं काढून ठेवता येतं.

खोकं कचऱ्याच्या जागी ठेवू नका. चित्राची बाजू आत येईल असं कापून, तुकडे करून, दोन-तीन दिवसांत थोडं थोडं टाका. फिटर शनिवारचा ठरला आहे, तो बदला. रविवार घ्या, आणि घरात दोन मोठी माणसं तरी हवीत. पुरुषाचा आवाज ऐकू येऊ दे. हे लिहायला मला आवडत नाही, पण ते उपयोगी पडतं. त्याला सहज कानावर घाला की आता आईकडे दिवसभर कोणीतरी थांबणार आहे. खोटं वाटत असेल तर निदान काही दिवस खरंच कोणालातरी थांबवा.

वास्तूचं म्हणाल तर तुमच्या काकांचा मान राखून सांगतो. नैर्ऋत्येची मोठी बेडरूम, तिथला कोपरा, उत्तरेला उघडणारं दार, हे आपल्याइतकंच चोरालाही पाठ आहे. घरोघरी तिजोरी तिथेच असते. आईंची श्रद्धा असेल तर दिशा तीच ठेवून खोली बदला. लक्ष्मीपूजनाला तिजोरीची पूजा करायची तर सकाळी घरच्यांपुरती करा, फराळाला माणसं येतात तेव्हा ते कपाट बंद असू दे. आणि पूजेचा फोटो कुठल्याही ग्रुपवर नको.

लॉकर मात्र सोडू नका. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसाचा घोटाळा यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. म्हणजे तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. सोन्याच्या आजच्या भावात ते अपुरं आहे, हे मान्य. पण घरच्या तिजोरीमागे तेवढंही कोणी उभं नाही. जिना उतरण्याचा प्रश्न असेल तर लॉकर आई आणि तुम्ही अशा दोघींच्या नावावर करून घ्या, चालवण्याचा अधिकार दोघींपैकी कोणालाही. मग आईंना खाली उतरावंच लागणार नाही. खरेदीखत घरी ठेवा, पण प्लॅस्टिकच्या पाकिटात, सोबत सिलिका जेल. पावसाळ्यात बंद लोखंडी डब्यात कागद दमटतो. या तिजोऱ्या आगीत कागद वाचवत नाहीत, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढून दुसरीकडे ठेवा.

---

घोडबंदरची | रविवार, रात्री ९:५०

आज बसवून झाली. सांगते.

गुरुवारी फिटरला फोन करून रविवार ठरवला. थोडा नाराज झाला. भाऊ कल्याणहून आला, मामेभाऊही आला. सेक्रेटरींकडे नकाशे होते, स्लॅब साधा निघाला. हॉलमधल्या भिंतीला कोपऱ्यात एक बारीक भोक पाडून बघितलं तर पांढरं पीठ. आईच्या खोलीतल्या बाहेरच्या भिंतीला मात्र करडा भुगा, आणि ड्रिल तिथे घामाघूम झालं. मग तिथेच, पण बेडरूमच्या कपाटात नाही. नेमकी कुठे ते इथे लिहीत नाही. एका बाजूला खांब येतो, त्यामुळे पहार घालायला फट नाही. आईला उभ्याने उघडता येते.

फास्टनर मी आणलेले वापरायला लावले. फिटर म्हणाला एवढे लांब कशाला, भाऊ म्हणाला तुम्ही मारा. चारही मारले. नंतर दोघा भावांनी तिजोरी धरून जोर लावून बघितला, हलली नाही. किल्ल्यांची पिशवी मी खोकं उघडल्यावर लगेच पदराला, म्हणजे ओढणीला, बांधली. नंबर तो गेल्यावर बदलले, दोन्ही. आईने जन्मतारीख नको, फ्लॅट नंबर नको, बाबांच्या स्कूटरचा नंबरही नको म्हटलं, कारण तो सगळ्या डोंबिवलीला माहीत होता. तिने एक नंबर सांगितला. कुठून आला ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. दहा वेळा टाकून बघितला, दहाही वेळा बरोबर.

सानपाडाताई, तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मोहनमाळ आणि पाटल्या लॉकरलाच राहू देत, मी कुठे रोज घालणार आहे. घरी ठुशी, नथ आणि कागद. लॉकरवर माझं नाव घालायचा अर्ज बुधवारी देणार आहोत. आणि मी तिला सांगितलं आहे, कधी कोणी घरात घुसून धाक दाखवला तर उघडून दे, सगळं दे, नथही दे. तिने मान हलवली. सासूबाईंची नथ म्हणून ती क्षणभर घुटमळली, ते मी बघितलं. हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागणार आहे.

११२ तिच्या फोनवर एका बटणावर लावून दिला आहे. दाराला साखळी आणि कॅमेऱ्याची बेल मंगळवारी बसेल. नवव्या मजल्यावरच्या काकूंना मी सगळं सोनं बँकेतच आहे, घरात फक्त कागद आहेत असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग मी दुपारी जरा येऊन बसत जाते आईंजवळ, मलाही करमत नाही. उद्यापासून तीन वाजता येणार आहेत.

हार्डवेअरवाल्या दादा, एक राहिलं. नंबर टाकताना पॅड इतका मोठ्याने वाजतो की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. तो आवाज बंद करता येतो का?

---

कोपरखैरणे_हार्डवेअर | रविवार, रात्री १०:३०

काही मॉडेलमध्ये येतो. मॅन्युअलमध्ये शून्य दोनदा दाबून असं काहीतरी दिलेलं असेल तर आहे, नाहीतर नाही. पानाचा फोटो मला पाठवा. फक्त पानाचा, ताई. तिजोरीचा नको.